'टाकाऊ' नावाचा फोल्डर

दिवाळे,
९ सप्टेंबर २०२५

चि. प्रीतम यास,
सुमित्राआत्याचे आशीर्वाद. राग असला तरी आशीर्वाद आधी द्यायची पद्धत आहे, म्हणून दिले.

तू घणसोलीत, मी दिवाळ्यात. मधे जेमतेम पंधरा किलोमीटर. तरी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि शेजारची नमिता कान देऊन बसते. व्हॉट्सअपवर लिहावं, तर माझ्या दहा ओळींना तू एक अंगठा दाखवून मोकळा होतोस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही.

गणपतीत तू आलास, माझा कॉम्प्युटर बघितलास आणि हसलास. हसण्यासारखा होताच तो. बटण दाबायचं, चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळून पालथा घालायचा, तेव्हा कुठे पडद्यावर माझं नाव उमटायचं. तू म्हणालास की यात तीन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडतायत, आणि वेग वाढवायला म्हणून मी इंटरनेटवरून जी दोन सॉफ्टवेअरं उतरवली, तीच सगळा वेग खातायत. मी म्हटलं, काढ बाबा. तू दोन तास बसलास, सात मोदक खाल्लेस आणि जाताना म्हणालास की आता बघ, विमान झालंय.

झालंय खरं. चाळीस सेकंदांत सुरू होतं. पण माझं सामान कुठे आहे? पडद्यावर डाव्या कोपऱ्यात 'टाकाऊ' नावाचा एक फोल्डर होता. तो नाही. रीसायकल बिन उघडलं, तर तेही झाडून पुसून लख्ख ठेवलंयस. माझ्या घरात येऊन, मला न विचारता, माझी नऊ वर्षं तू केरात काढलीस. कुणी दिला तुला हा अधिकार?

उत्तर पत्रानेच पाठव. आणि फोल्डर घेतल्याशिवाय माझा उंबरा ओलांडू नकोस.

लोभ आहे. तो पुढे किती ठेवायचा, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी आत्या,
सुमित्रा

*

घणसोली,
१३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप सुमित्राआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पुढचं वाचायच्या आधी उठ, कॉम्प्युटर बंद कर आणि प्लग काढून ठेव. मी सांगेपर्यंत सुरू करू नकोस. डिलीट केलेलं लगेच पुसलं जात नाही. ती जागा फक्त रिकामी म्हणून जाहीर होते. तू मशीन चालवलंस की त्या जागेवर दुसरं काहीतरी येऊन बसतं, आणि मग पहिलं कायमचं जातं. काढलास प्लग? आता बस आणि वाच.

चूक झाली, मान्य. पण सगळी माझ्या गळ्यात मारू नकोस. तुझा सी ड्राइव्ह लालेलाल झाला होता. पाचशे जीबीत चार उरले होते. भरलेल्यातले अडतीस जीबी त्या एका फोल्डरने अडवलेले. नाव 'टाकाऊ'. आतली एक फाईल मी उघडूनही पाहिली. दोन रकाने होते, एकावर 'चूक', दुसऱ्यावर 'बरोबर'. चूक पानी, बरोबर पाणी. मला वाटलं, शाळेतल्या पोरांच्या जुन्या चुका साठवून ठेवल्यायत बाईंनी.

आणि न विचारता काढला हे तर साफ खोटं. तू मोदक वळत होतीस. मी बाहेरून ओरडून विचारलं की आत्या, टाकाऊ काढू ना? तू आतून म्हणालीस की टाकाऊ असेल ते सगळं काढ. मग मी शिफ्ट दाबून डिलीट केला. आता सांग.

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
प्रीतम

*

दिवाळे,
१८ सप्टेंबर २०२५

चि. प्रीतम यास,
आशीर्वाद, तेवढेच, जास्त नाहीत.

तीर्थरूप आई-वडिलांना लिहितात. आत्या तीर्थस्वरूप. इंजिनिअर झालास तरी हे आलं नाही.

स्वयंपाकघरातून मी जे 'टाकाऊ' म्हटलं, ते विशेषण होतं. तू जे काढलंस, ते विशेषनाम. या दोहोंतला फरक तुला मीच शिकवला होता, आणि उदाहरणं घोकून घेतली होती.

प्लग काढला आहे. वर टॉवेल घातला आहे, चुकून हात लागायला नको.

काय घालवलंस ते नीट ऐक. शाळेत बत्तीस वर्षं मी पोरांच्या तोंडातले आपल्या गावचे शब्द खोडले. खोडलेला प्रत्येक शब्द एका वहीत उतरवून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वर्षी आधीच सावध राहता येईल. निवृत्त झाल्यावर त्या वह्या पुन्हा चाळायला बसले. भरतीला जोर नसतो त्या दिवसांना आपल्यात भांग म्हणतात. मी पोराला सांगितलं होतं की भांग केसांत असतो. असं किती! मग दारोदार फिरून मी लोकांना बोलतं केलं. दोन हजार एकशे चाळीस शब्द आणि दोनशे बारा जणांचे आवाज. फोल्डरचं नाव ठेवलं टाकाऊतून टिकाऊ मधलं 'टाकाऊ', थट्टेने. 'चूक' आणि 'बरोबर' हे मथळे वहीतून तसेच आले, ते बदलायचे राहिले. ती माझी चूक.

वह्या कुठे आहेत विचारशील. रद्दीत. कॉम्प्युटरवर चढवलं की कागद कशाला, असं तूच म्हणाला होतास. आणि कान्हातांडेल, ज्याने मला मासेमारीचे सगळे शब्द दिले, तो शिमग्याला वारला. त्याच्याकडे पुन्हा जाऊन विचारू?

काल कमळाकर आला आणि तुझ्या बाजूने बोलायला लागला. नेहमीसारखी थट्टा. म्हणे शब्दच ना, पुन्हा आठव, नाही आठवले तर नवे कर, कोण तपासायला येतंय! नमिता हसून हसून पायरीवर बसली. माझं इथे सगळं गेलं आणि तुझ्या बापाचा तमाशा चाललाय. मी त्याला चहाही दिला नाही.

असा कसा रे तू? अख्ख्या जगाचे कॉम्प्युटर साफ करतोस, आणि आपल्या लोकांचे शब्द बघून एकदाही हात थबकला नाही?

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

सुमित्राआत्या

*

घणसोली,
२४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप सुमित्राआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नाही थबकला. का ते सांगतो, आणि आज मीही रागावलो आहे.

मी चौथीत, तुझ्याच वर्गात. तपासणीला साहेब आले होते. मला तहान लागली, म्हणून उभा राहून म्हणालो, बाई, मना पानी पिवाला जावाचा हाय. साहेब हसले. ते गेल्यावर तू मला फळ्यापाशी उभं केलंस आणि 'मला पाणी प्यायला जायचे आहे' हे नीट येईपर्यंत म्हणायला लावलंस. माझा ण येईना. वर्ग खिदळत होता. ण आला तेव्हा मधली सुट्टी संपली होती, आणि पाणी राहूनच गेलं.

त्याची तक्रार नाही. बाई होतीस, चिडलीस. पण त्याच संध्याकाळी तू आमच्या घरी आलीस. मी दाराआड होतो. तू बाबांना बजावलंस की पोराला शिकवायचं असेल, तर त्याच्याशी ही टाकाऊ भाषा बोलायची नाही. हाच शब्द, आत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला विचारलं, तुझा गृहपाठ पूर्ण झाला आहे का? मला वाटलं ते कुणावर तरी रागावलेत. तेव्हापासून आजपर्यंत ते माझ्याशी असंच बोलतात, चाचपडत, जणू साहेबांसमोर उभे आहेत. फोन केला की तीन वाक्यं. जेवण झाले का, प्रकृती बरी आहे ना, ठेवतो.

तू लिहिलंस की बाबांनी नेहमीसारखी थट्टा केली. कुणाचे बाबा? माझ्यासमोर तर त्यांनी आजवर एकदाही थट्टा केलेली नाही.

तेव्हा मला अधिकार कुणी दिला, असं पुन्हा विचारू नकोस. नाव तू दिलेलं, 'चूक' तू लिहिलेलं, आणि पुसायला शिकवलं तेही तूच. मी तुझा हुशार विद्यार्थी निघालो, एवढंच.

जास्त बोललो असेन, तर पोटात घाल. नसलं घालायचं, तर नको घालूस.

प्रीतम

*

दिवाळे,
१ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतम यास,
अनेक आशीर्वाद. आज मनापासून.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सवयीने चुका शोधत होते. एकच सापडली, आणि ती तुझी नव्हती.

डी.एड.ला होते तेव्हा वसतिगृहातल्या मुली मला पानी म्हणून हाक मारत. सुमित्रा नाहीच. पानी, इकडे ये. पानी, तुझं पत्र आलंय. अशी दोन वर्षं काढली. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून मी कमळाकरला बजावलं. तो बिचारा वर्षा-दोन वर्षांत विसरेल, असं मला वाटलं होतं. थोरल्या बहिणीचा शब्द तो इतका पाळेल, आणि तोही तुझ्याच बाबतीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माफी मागायची मला सवय नाही. मागते.

शनिवारी ये आणि कॉम्प्युटरचा डबा घेऊन जा. सापडलं तर सापडलं. उंबऱ्याचं जे लिहिलं होतं, ते खोड.

माया होती तेवढीच आहे. तुझीही असू दे.

तुझी आत्या,
सुमित्रा

*

घणसोली,
१६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सुमित्राआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी. शब्दांची फाईल गेली. साफसफाई झाल्यावर मी वर हुशारी म्हणून विखुरलेले तुकडे एकत्र लावणारा प्रोग्राम चालवला होता, आणि तो नेमका त्याच जागेवर पसरला. वाचता येतील असे तीनशेएक शब्द हाती आलेत. बाकी सगळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं. कितीही वेळा माफी मागितली तरी ते येणार नाहीत.

आवाज मात्र मिळाले. दोनशे बारापैकी दोनशे तीन. पण एकाचंही नाव उरलेलं नाही, नुसते आकडे. कोण बोलतंय हे ऐकल्याशिवाय कळायला मार्ग नाही, म्हणून मी ऐकायला बसलो. कान्हातांडेल चोपन्नाव्या नंबरवर आहे, तासभर. घाबरू नकोस, तो आहे. सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवलं आहे. ऐकून ऐकून शब्द पुन्हा लिहायला घेतलेत. मला निम्मे कळत नाहीत, त्यांच्यापुढे खूण करतो. दिवाळीत आलो की तू सांग.

एकशे सतराव्या नंबरवर एक माणूस चाळीस मिनिटं बोलतो आहे. बंदरात नोकरीला लागल्याचा पहिला दिवस सांगतोय. त्याने डब्यात सुकटीची चटणी नेली होती. तिचा वास साहेबांच्या नाकात गेला. साहेबांना वाटलं, शेजारच्या कंटेनरमध्ये चोरून काहीतरी कुजकं चाललंय. त्यांनी सील तोडून घेतलं. आत सगळ्या चादरी. प्रत्येक चादर उलगडून हुंगणाऱ्या साहेबांची तो नक्कल करतो, आणि मागे तू हसतेस, इतकी की रेकॉर्डिंग दोनदा थांबलंय. मीही एकटा बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. कोण ही वल्ली म्हणून पुन्हा सुरुवातीपासून लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना आवाज ओळखला.

माझे बाबा इतके मजेशीर आहेत, हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं. तुला माहीत होतं. नमिताला माहीत होतं. कान्हातांडेलला माहीत होतं. अख्ख्या दिवाळ्याला माहीत होतं, फक्त मला नाही. तुझं वसतिगृहाचं वाचून मला तुझी कीव आली, ती खोटी नाही. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो गेलाय असं खोटं लिहिणार नाही.

काल बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, जेवण झाले का. मी आपल्या बोलीत सांगितलं की झालं, आणि तुझं झालं का, असं विचारलं. चौथीनंतर पहिल्यांदाच त्यांना 'तू' म्हटलं.   मग त्यांनी अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत विचारलं की तुझ्याशी असे बोलायला आत्याने परवानगी दिली आहे का.

 याचं उत्तर तू द्यायचं आहेस. त्यांचं दार तुझ्या दारापासून चौथं आहे. पत्र लिहीत बसू नकोस, चालत जा.

तुझाच,
प्रीतम