ह्यांना बांधायचे नाही

मी, मनोरुग्णालयातून निवृत्त झालेली वर्तन-मानसशास्त्रज्ञ, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. इतरांना असे दाखले देण्यात माझी हयात गेली.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझे यजमान हयात असेपर्यंत त्यात राहतील. त्यांच्यामागे ते मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे मिळेल. यजमानांना विस्मरणाचा आजार आहे. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, संध्याकाळी बाबांना खुर्चीला बांधून ठेवलं तर निदान पडणार तरी नाहीत." त्याचा हेतू वाईट नव्हता. वॉर्डातही कोणाचा नसायचा. तरी जो कोणी ह्यांना बांधेल किंवा कोंडेल, त्याचा हिस्सा दुसऱ्याला जाईल. दोघांनीही तसे केल्यास घर परिचारिका विद्यालयाला जाईल.

२. कपाटातला जाड कापडी पट्टा त्याच विद्यालयाला द्यावा. त्याने रुग्णांचे हात खाटेला बांधत. ते बंद करायला माझी निम्मी नोकरी खर्ची पडली. माणूस एक घास स्वतःच्या हाताने जेवला की लगेच कौतुक करा, एवढेच मी सांगत होते. तेव्हाचे अधीक्षक मला 'शाबासकीबाई' म्हणून हिणवायचे. पुढे स्वतःच्या आईला दाखल करताना त्यांनीच मला जिन्यात गाठले. "बाई, तिचे हात तेवढे बांधू देऊ नका." मी नाही बांधू दिले. म्हणून त्यांना माफ केले असे कोणी समजू नये. त्यांच्याकडे राहिलेली माझी छत्री मुलाने जाऊन आणावी.

३. बँकेतील ठेव ह्यांच्या देखभालीसाठी आहे, ती मुलीने सांभाळावी. ह्यांनी सदरा उलटा घातला तर हसू नये. सुलटा घातला तर "वा, बाबा!" म्हणावे, पण मनापासून. वरवरची शाबासकी ह्यांना अजूनही ओळखता येते. माझ्याबरोबर संसार केला आहे.

४. मी गेल्यावर हे विचारतील, "ही कुठे गेली?" पुन्हा पुन्हा विचारतील. खरे सांगितलेत तर दर वेळी नव्याने ऐकतील आणि नव्याने रडतील. म्हणून सांगावे, "कामावर गेली आहे, येईलच." एवढ्याने ते निवांत होतात. जन्मभर हेच ऐकले आणि माझ्यासाठी जेवायचे थांबले. माझा ह्यांच्यावर फार जीव आहे.

मुलांना मी कधी खोटे बोलायला शिकवले नाही. हे एक खोटे मात्र दोघांच्या नावे सामाईक ठेवते. त्याची वाटणी करू नये.

ठिकाण: राहत्या घरातील जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च

(सही) लिहून ठेवणारी

बाईंनी आमच्यादेखत आणि आम्ही त्यांच्यादेखत सही केली:
(सही) शेजारचे शिंपीकाका
(सही) घरच्या डॉक्टर