आक्काच्या मापाची चेन

वरची वाडी, ता. पाटण
फेब्रुवारी १९७४

ती. साळूआक्काच्या चरणी धाकट्या भाऊसोचा दंडवत (पाठीत उसण भरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात).

इकडे आई, सौ. बनुबाई आणि म्हैस खुशाल आहेत. तुझा मोडलेला पाय आता कसा आहे? सांगलीत हळदीचा हंगाम सुरू झाला असेल, दाजींना दुकानातून उसंत नसेल. त्यांना नमस्कार सांग, पण हे पत्र वाचायला देऊ नकोस. कारण शेवटी कळेल.

पाय मोडल्यापासून तू माहेरी आली नाहीस. बैलगाडीत तुझी कंबर धरते आणि फाट्यापासून वाडीपर्यंतचा चढ चालवत नाही. डोली पाठवतो म्हणालो, तर "चौघांनी उचलायला मी मेले न्हाई अजून" असा तुझा निरोप आला. आई मात्र रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून फाट्याकडे बघते, आणि एसटी रिकामी गेली की मलाच बोलते. मला ते बघवेना. म्हटलं, चौघे नकोत तर चार चाकं लावू. पलटणीत जन्मभर ट्रक दुरुस्त केले, ते काय पेन्शनीत नुसता तंबाखू मळायला? पाटणच्या रहिमानमिस्त्रीकडून मोटारसायकलचं मोडीतलं इंजिन आणलं, खाली चार जाड टायर घातले आणि मागं स्प्रिंगांवर तुझ्यासाठी खुर्ची बसवली. ओढा, ढेकळं, दगडधोंडे, कुठूनही जाणारी गाडी. म्हणजे जायला हवी होती.

सगळा घोळ दातेरी चक्रांचा. इंजिनाचा जोर चेनवरून मागच्या चक्राला जातो. ते लहान घेतलं तर गाडी पळते, मोठं घेतलं तर चढते. मी फौजी माणूस, लहान घेतलं. सपाटीला अशी सुटली की शेजारच्या नानासोच्या कोंबड्या अजून खुराड्याबाहेर येत नाहीत. चढाला मात्र दम तोडला आणि मला घेऊन उलटी खाली, थेट नानासोच्याच उकिरड्यात (उसण तीच). मग रहिमाननं परातीएवढं चक्र करून दिलं. आता गाडी चढ असा चढते की बघत राहावं, आणि बघत राहायला वेळही भरपूर मिळतो. बनुबाई शेजारून हरभऱ्याचा डहाळा खात चालते आणि म्हणते, "आवं, तुमी या सावकाश, मी फुडं जाऊन च्या टाकते."

चक्र मोठं झालं तशी चेनही लांब लागली. ती मी मोकळ्या गाडीवर बेतून तोडली. बनुबाई हौसेनं खुर्चीत बसली, स्प्रिंगा दबल्या, चेन ताणली आणि ताडकन तुटली. बनुबाईनं असा अबोला धरला, जणू मी चारचौघांत तिचं वजन काढलं. पण एक कळलं, चेन बसणाऱ्याच्या वजनावर बेतावी लागते. आखूड पडली तर तुटते, सैल राहिली तर उतरते.

आता तुझं वजन कुणाला ठाऊक? म्हणून तुझ्याऐवजी खुर्चीत गुळाच्या ढेपा ठेवायचं ठरलं. आई म्हणाली, "लेक वाळून गेली आसंल रं, दोन लय झाल्या." बनुबाई तुला मागं एका लग्नात बघून आली आहे. ती हळूच म्हणाली, "तीन तरी पायजेत." तेव्हापासून सासू-सून माझ्यामार्फत बोलतात. मी अडीच ठेवल्या. तुटलेल्याच चेनला चार कड्या जोडून तुला (म्हणजे ढेपांना) घेऊन निघालो, तर वाडीतली गुरं मागं लागली, आणि गाडीचा वेग तुला सांगितलाच आहे. घरी पोचेपर्यंत म्हशीनं तुझा डावा खांदा चाटून संपवला होता. आई उंबऱ्यातून ओरडली, "आगं बाई, माजी साळू!"

पोराबाळांना आशीर्वाद.

तुझा
भाऊसो

ता.क. दाजींच्या दुकानात पोती जोखायचा मोठा काटा आहे. दुपारी ते जेवायला गेले की त्यावर जरा बसून घे. आकडा बंद पाकिटातून कळव, कार्ड पोस्टमन वाचतो.

आणखी ता.क. आईला पत्र वाचून दाखवलं. भडकली. "लेकीचं वजन इचारतोस व्हय रं? नवी चेन लांब ठेव. ती यून बसंल, मग तोड." तेव्हा वजन राहू दे. फाट्यापर्यंत उतारच आहे, गाडी चेनशिवाय खाली आणतो (नानासोला कोंबड्या कोंडायला सांगितलं आहे). रहिमान हत्यारं घेऊन फाट्यावर थांबेल. चेन तोडलेली नाही, आक्का. तू फक्त येऊन बस.