पाचांची परवानगी

३ जून
…म्हणून मी फळाच पुसून टाकला. मेहुणीने त्यावर प्रश्न लिहिला होता: ‘एखादं मशीन मेलं तर?’ माझ्या सिस्टिममध्ये कुणी मरत नाही. बायकोच्या आग्रहाखातर हिला ऑफिसात चिकटवली. आता ही मला शिकवणार.

अडचण साधी. गोदामं चार, साठ्याची नोंद एक. गेल्या महिन्यात दोन गोदामांनी एकच शेवटचं कपाट एकाच क्षणी दोन गिऱ्हाइकांना विकलं. उपाय माझा: साठ्याला हात लावण्याआधी प्रत्येक मशीनने इतर सगळ्यांची परवानगी घ्यायची. सगळे हो म्हणाले की पुढे. चार कॉम्प्युटर गोदामांत, पाचवा माझ्या टेबलावर.

साहेब टीम लीडर नेमणार आहेत. मी, नाहीतर मेहुणी. हसू आलं.

५ जून
सुरू केलं. दिवसभर निर्दोष. निघताना टेबलाचा स्विच भिंतीवरून बंद केला. ही शिस्त ऑफिसात मला एकट्याला. बाकीचे पंखे चालू आणि डोकं बंद ठेवून घरी जातात.

६ जून
काल संध्याकाळी चारही गोदामं अडकली म्हणे. एक मॅनेजर फोनवर ओरडला, अहो, ट्रक दारात उभाय आणि तुमचं हे नुसतं थांबा-थांबा म्हणतंय! सांगितलं, थांबायलाही संस्कार लागतात. सकाळी मी आलो, मशीन लावलं, सगळं सुरळीत. काही केलंसुद्धा नाही. माझी उपस्थिती पुरते.

९ जून
रोज संध्याकाळी तेच. माझी पाठ वळली की गोदामवाले काहीतरी दाबत असणार. माकडाच्या हाती कोलीत.

मेहुणी म्हणाली, भाऊजी, पाचांतल्या तिघांचा होकार पुरे करा ना. कुठलेही तिघे घ्या, दुसऱ्या तिघांत त्यातला एक तरी येणारच. कपाट दोनदा विकलं जाणार नाही, आणि एखादं मशीन गप्प बसलं तरी काम अडणार नाही. म्हणे बहुमत! ही काय सोसायटीची निवडणूक आहे?

घरी बायको म्हणाली, अहो, ऐका की तिचं एकदा. माहेर बोललं.

१२ जून
उद्या साहेबांसमोर प्रात्यक्षिक, वरच्या मजल्यावर. वेळ सकाळची मागून घेतली. सकाळी मी असतो. निश्चय: लीडर झाल्यावर मेहुणीशी प्रेमाने वागायचं. निदान पहिला दिवस.

१३ जून
साहेब, चार मॅनेजर, मोठा पडदा. वर जाण्याआधी स्विच बंद केला होता, नेहमीप्रमाणे.

पडद्यावर चारही गोदामं: ‘परवानगीची वाट पाहत आहे.’ साहेबही पाहत होते. मी वायरिंगचा दोष सांगितला. मग मॅनेजरांचा. मग हवेतल्या दमटपणाचा. मेहुणी उठून खाली गेली. थोड्या वेळाने चारही मशीनं धावू लागली. मी म्हणालो, बघा! साहेब म्हणाले, काय केलंत? तेवढ्यात ती दारात. म्हणाली, भाऊजी, तुमचा स्विच बंद होता.

कुणीतरी हसलं. बहुधा सगळेच.

वीज वाचवणं हा आता गुन्हा झाला आहे.

१४ जून
सकाळी माझ्या स्विचवर चिकटपट्टी लावलेली होती. अंगात कणकण वाटली. साहेबांकडे रजा मागायला गेलो. ते म्हणाले, आजपासून परवानगी मेहुणीकडून घ्या. घेतली. ती लगेच हो म्हणाली.