उणे चार कोटी

९ जुलै

उणे चार कोटी डॉलर. ही राधामेसची आजची किंमत. ब्रेडनने फोनवर सांगितली, हवामान सांगावं तशी.

मी म्हटलं, माणसाची किंमत उणे कशी असेल? फार तर शून्य. तर म्हणे, "सोपं आहे एलि. अडीच वर्षांचा करार उरलाय, म्हणजे साडेपाच कोटी द्यायचेत. त्याचा खेळ आता दीड कोटीचा. तुम्हीच वजाबाकी करा." ब्रेडन एकोणतीस वर्षांचा आहे. क्लबच्या कचेरीत खेळाडूंच्या अदलाबदलीचं सगळं तोच बघतो, आणि उभ्या जन्मात त्याने एकदाही चेंडू अंगावर घेतलेला नाही.

मी चौतीस वर्षं समुद्रापलीकडच्या या बेसबॉल क्लबसाठी आमच्या बेटभर खेळाडू हुडकत फिरतोय. राधामेसला सोळाव्या वर्षी मीच आणलं, निझाओमधल्या केळीच्या बागेमागच्या मैदानावरून, तीन हजार डॉलरात. तेव्हा कुणी वजाबाकी केली नव्हती.

खरी गोम पुढेच. त्याचा पगार डोक्यावरून उतरला नाही, तर आमच्या बानी गावातली अकादमी बंद करणार. माझी अकादमी! दोन मैदानं, एक्केचाळीस पोरं. त्या जमिनीतले दगड मी माझ्या हातांनी वेचलेत. अदलाबदलीची मुदत एकतीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत.

१० जुलै

रक्तदाब वाढलाय. न्यूरिसने मीठ लपवून ठेवलं. नवऱ्याला सरळ करायचे बायकोचे उपाय.

११ जुलै

घोडं अडलंय ते असं. पश्चिमेकडचा एक क्लब राधामेसला घ्यायला तयार आहे. पगाराचा मोठा वाटा आपण भरायचा. पण दहा वर्षं खेळलेल्या, त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या माणसाला त्याच्या सहीशिवाय कुठे पाठवता येत नाही. आणि हा सही करत नाही. ब्रेडनचा फोनसुद्धा उचलत नाही.

"तुम्ही बोला, एलि. तुमचं ऐकतो तो."

ऐकतो म्हणे! सतराव्या वर्षी सांगितलं होतं, बेसवर डोकं पुढे करून घसरू नकोस. दोन बोटं अजून वाकडी आहेत त्याची.

१४ जुलै

राधामेसने माझा फोन उचलला. पहिलं वाक्य — "म्हाताऱ्या, तूसुद्धा?"

मी म्हटलं, नुसतं ऐकून तरी घे. तर पट्टा सुरू. "सात वर्षांचा करार मी मागितला होता का? तुम्हीच आणलात. जेवणाच्या टेबलावर ठेवलात. माझ्या आईच्या समोर. आता गुडघा गेला तर मी ओझं?"

करारापूर्वी क्लबने मला विचारलं होतं, आणि 'चाळिशीपर्यंत सहज खेळेल' हे मीच लिहून दिलं होतं. गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. पण आमच्या धंद्यात माल थोडा वाढवूनच सांगतात. पाच फूट अकरा इंचाचा पोरगा कागदावर सहा फूट एक होतो. कुणी फसत नाही, सगळे मनातल्या मनात दोन इंच कापतात. राधामेसचे दोन इंच कुणी कापले नाहीत, त्याला मी काय करू?

१५ जुलै

आज राधामेस चार वेळा बॅटिंगला आला, तीन वेळा चेंडू न लागताच परत गेला. न्हाव्याच्या दुकानात रेडिओवर कुणी बरळत होता, एवढ्या पैशात अख्खी बानी विकत आली असती. न्हाव्याने मुद्दाम आवाज वाढवला. अर्धी दाढी तशीच घेऊन उठणार होतो.

१८ जुलै

ब्रेडनचं नवं डोकं — राधामेसच्या आईला पटवा. गेलो निझाओला.

त्याच्या आईने, दोन्या ओफेलियाबाईने, कॉफी दिली, खुर्ची दिली, आणि स्वतः उभीच राहिली. लेकाने तीन मजली घर बांधून दिलंय, पण ती अजून मागच्या पडवीत चुलीपाशीच असते. मी पश्चिमेकडच्या समुद्राच्या, उबदार हवेच्या गोष्टी सांगितल्या. ती शेंगा सोलत राहिली.

मग म्हणाली, "एलिगियो, तू वीस वर्षांपूर्वी याच पडवीत बसून सांगितलंस, माझ्या पोटच्या पोरासारखा सांभाळीन. पोटच्या पोराला असं दारोदार विकत फिरतोस?"

"विकत नाही बाई, बदली आहे."

"बदली मास्तरांची होते. यात समोरून काय मिळतंय ते सांग."

समोरून काहीच मिळत नाहीये, उलट आपणच पैसे देतोय, हे कसं सांगू? कॉफी संपवून निघालो. गाडीत बसताना तिने केळ्यांचा घड मागच्या सीटवर टाकला. रागातसुद्धा रिकाम्या हाताने पाठवत नाही. मला जास्त लाज वाटली.

१९ जुलै

ब्रेडनने विचारलं, "आई काय म्हणाली? होकाराची शक्यता किती टक्के?" फोन ठेवून दिला.

२३ जुलै

क्लबने विमानाचं तिकीट पाठवलं. राधामेसच्या घरी उतरलोय. बायको-मुलं सुट्टीला बेटावर. एवढ्या घरात हा एकटा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

दोन तास डोकेफोड केली. हा धंदा आहे, मनाला लावून घेऊ नकोस. घर काय, तिथेही घर मिळतं. ज्यांना आपण हवे आहोत तिथे माणसाने जावं. सगळा पाढा म्हणून दाखवला. आजवर किती पोरांपुढे म्हटला असेन!

तो म्हणाला, "इथे मला शिव्या घालतात, पण नावाने घालतात. बारा वर्षांची ओळख आहे. तिकडे मी कोण? पैशाबरोबर आलेलं सामान."

मी हात टेकले. अकादमीचं त्याला कळू द्यायचं नाही अशी ब्रेडनची सक्त ताकीद होती. खड्ड्यात गेली ताकीद. सांगून टाकलं. तो उठून मांसाच्या सलामीचे काप तळायला लागला, लंगडत.

"पोरं किती आहेत सध्या?"

"एक्केचाळीस."

"आणि हे तू आज सांगतोस? नऊ दिवस माझं डोकं खाल्लंस, आणि कामाचं एवढंच होतं ते पोटात ठेवलंस!"

खरं आहे त्याचं. ब्रेडनचं ऐकायला लागल्यापासून माझी अक्कलही त्याच्याच मापाची झालीय.

२६ जुलै

परत घरी. राधामेस 'विचार करतो' म्हणालाय. तेवढ्यात पश्चिमेकडच्या क्लबातून एकाचा फोन. त्यांना आता शंका — एवढा नावाजलेला माणूस, तोही चिडलेला. याला सांभाळणार कोण?

इतकं जवळ येऊन मोडतंय की काय! मग मी सोडलंच नाही. म्हटलं, राधामेस म्हणजे गरीब गाय. मी पाठीमागे उभा राहिलो की रोज सकाळी दोनशे चेंडू मारतो. गुडघा कधी दुखतो ते तो सांगायच्या आधी मला कळतं. माझ्या शब्दाबाहेर नाही. रोज दोनशे! गेल्या दहा वर्षांत मी त्याच्या सरावाला सहा वेळा गेलो असेन. माणूस सभ्य वाटला. शेवटी माझ्याही तब्येतीची चौकशी केली.

२९ जुलै

राधामेसकडून काही नाही. ब्रेडनचे अकरा फोन.

३० जुलै

सही करणार! पण अट घातली. अशा वेळी बाकीचे जास्त पैसे मागतात, विमानाची तिकिटं मागतात. याने मागितलं — बानीची अकादमी पाच वर्षं बंद करायची नाही, आणि ते कागदावर लिहून द्यायचं. ब्रेडनने वरच्यांना विचारलं, हो म्हणाले.

मी मैदानावर जाऊन पिचरच्या उंचवट्यावर बसलो आणि रडलो. त्रेसष्टाव्या वर्षी. न्यूरिसला सांगितलं, डोळ्यात माती गेली. ती म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत?"

३१ जुलै

पाच वाजून चाळीस मिनिटं. सह्या झालेल्या, आणि ब्रेडनचा फोन — "अडलंय. ते आणखी काहीतरी मागताहेत. फार मोठं नाही."

माझा संताप झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात तांदूळ घेतला की वर लसणाचा एक गड्डा मागतात ना, न्यापा म्हणून, तसली ही माणसं! कोट्यवधींचा व्यवहार, आणि शेवटी न्यापावर घोडं अडवायचं!

"एलि, खरं तर तुम्हाला आधी—"

मी बोलूच दिलं नाही. "वीस मिनिटं राहिलीत! काय मागतात ते दे आणि मोकळा हो. मला विचारत बसू नकोस!"

"नक्की?"

"नक्की!"

पाच त्रेपन्नला झालं. न्यूरिसने आज जेवणात मीठ घातलं.

१ ऑगस्ट

न्यापा म्हणजे मी.

पंधरा तारखेपर्यंत पश्चिमेला हजर व्हायचं, राधामेसला सांभाळायला. करार संपेपर्यंत. नाही म्हणायचा हक्क खेळाडूंना असतो, खेळाडू हुडकणाऱ्या स्काउटला नसतो. आणि अडून बसलो तर सगळंच मोडतं. ब्रेडन म्हणाला, "मी तुम्हाला दोनदा विचारलं, एलि."

न्यूरिसने विचारलं, "आणि अकादमी?"

अकादमी पाच वर्षं चालणार. कागदावर आहे.