मागच्या जागेचा नकाशा क्रमांक बारा

५ जानेवारी
नवीन वही. डॉक्टर म्हणाले, लताचे दोन्ही गुडघे गेले. आमचं संडास-बाथरूम वर, चौदा पायऱ्या. उतरताना ती आता बसून एकेक पायरी खाली सरकते. आज म्हणाली, अहो, मागच्या मोकळ्या जागेत एक संडास-बाथरूम करून घ्या, मला दुसरं काही नको. एवढंच? एकतीस वर्षं सरकारी ड्रॉइंग सेक्शनमध्ये धरणांचे नकाशे काढलेत मी. सहा बाय नऊची जागा. महिन्याभरात उरकतो.

९ जानेवारी
क्र. १ तयार. सोमनाथ मिस्त्रीला बोलावलं. हरसूलकडचा माणूस. हाताला चांगला, पण कागदाचं वावडं. नकाशा उलटा धरून म्हणाला, सायेब, संडासच बांधायचा हाय ना, आठ दिवसात देतो, लय डोकं नका लावू. अशा घाईनेच बांधकामं फसतात. चहा पाजून परत पाठवला.

२० जानेवारी
पाया खणायचाच, तर वर एक खोली का नको? घेतली. खोली घेतली की जिना हलतो. जिना हलला की स्वयंपाकघराची खिडकी जाते. खिडकी रस्त्याच्या बाजूला नेली. क्र. ४. फार सुबक आलाय. फक्त खाली बाथरूम बसत नाही. त्याचं नंतर बघू.

३ फेब्रुवारी
नियमाप्रमाणे नकाशा घरात अभिप्रायासाठी फिरवला. घरात आम्ही दोघंच. लताने अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'खाली संडास.' मी त्याखाली 'नोंद घेतली' असा शेरा मारून तारीख टाकली. तिने बराच वेळ तो शेरा वाचला. मग कणीक मळायला गेली.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३
लता शेवटच्या तीन पायऱ्यांवरून घसरली. मुका मार. शेजारच्या राऊत वहिनी म्हणाल्या, आमचं खालीच आहे, केव्हाही या. मी स्पष्ट सांगितलं, तात्पुरत्या सोयीची गरज नाही, इथे कायमस्वरूपी काम चालू आहे. हल्ली लता कमी पाणी पिते. विचारलं तर म्हणाली, वर जावं लागतं.

२ मार्च
पुण्याहून स्नेहा आणि जावई आले. लताला घेऊन गेले. त्यांच्याकडे लिफ्ट, सगळं एकाच मजल्यावर. स्नेहा म्हणाली, पप्पा, काम झालं की फोन करा, आणून सोडते. उत्तम झालं. सिमेंटची धूळ लताला सोसत नाही.

३ मार्च
सिमेंट अजून आणलेलं नाही. पण पुढेमागे धूळ होणारच होती.

२१ मार्च
क्र. ७. कमोडचं तोंड कुठे असावं? राऊत म्हणतात उत्तरेला, त्यांचा मेव्हणा म्हणतो दक्षिणेला. दोन्ही काढून ठेवले.

४ एप्रिल
वरण-भात. टाइल्सचे नमुने पाहायला निघालो होतो. अर्ध्या वाटेतून परत आलो. ऊन.

१९ एप्रिल
काही नाही. घर शांत आहे. कामाला चांगलं. काम केलं नाही.

२ मे
लताचा फोन. किती झालं म्हणून विचारलं. नव्वद टक्के, म्हणालो. ती इतकी खूश झाली की पुढचं सांगता आलं नाही. आणि खोटं तरी कुठे आहे? बांधकामात डोकं चालवणं हेच नव्वद टक्के. उरतात त्या विटा.

१० मे
लता अठराला येतेय. ताबडतोब सोमनाथला फोन. तो इगतपुरीला मोठ्या कामावर, जूनपर्यंत. म्हणाला, सायेब, जानेवारीतच हो म्हटलं असतं तर आतापर्यंत वापरात आला असता. दुसरे दोन मिस्त्री पाहिले. दोघेही आठ दिवसच म्हणाले, पण जूननंतरचे. लताला फोन करून थांबवावं, असं ठरवलं. उद्या करतो.

१७ मे
फोन राहिला. पण अगदीच हातावर हात ठेवून बसलो नाही. मागच्या जागेत क्र. १२ प्रमाणे फक्कीने पूर्ण आखणी केली. पांढऱ्या रेषा अगदी सरळ. इथे भिंत, इथे दार, इथे कमोड, उत्तरेला. ती आली की तिला अंदाज येईल.

१८ मे, सायंकाळी ५
लता आली. जावई अश्विन बॅगा उतरवत होता, ती काठी टेकत तडक मागे गेली. फक्कीच्या चौकोनात उभी राहिली. मी पुढे होऊन सगळं समजावलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, दार कुठून आहे? मी दाखवलं. ती त्या दारातून बाहेर आली, राऊतांकडे जाऊन आली, आणि गाडीत जाऊन बसली. कधी येशील, म्हणून विचारलं. म्हणाली, तिकडे बरं आहे मला. जेवत जा.

अश्विन बॅगा परत डिकीत ठेवायला लागला. चार होत्या. एक मी उचलली. जड होती, चेन अर्धी उघडी. सगळे कपडे आणले होते तिने, हिवाळ्याचे स्वेटरसुद्धा.