मनमाडमार्गे गेलेला बायोडाटा

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार

साडूभाऊ रावजी यांना मखमलाबादहून गोटीरामचा रामराम पोचावा.

इकडे आम्ही सगळे ठीक, गुलाब ठीक, शेवंतीवर थोडा मावा पडलाय. तुमचा गुडघा काय म्हणतो? गोजराअक्कांची शुगर? त्यांना म्हणावं, गोड बंदच ठेवा, अगदी नवऱ्याच्या गोड बोलण्यापासूनही लांब राहा. तुमच्या तब्येतीची चौकशी मी मनापासून करतोय, कारण पुढचं वाचायला तब्येत धड लागेल. तुम्ही वयाने आणि नात्याने मोठे, त्यामुळे जे काही बोलायचं ते मान ठेवूनच बोलणार आहे. (मान ठेवला नाही असं कुठे वाटलं तर तेवढी ओळ सोडून द्या.)

विषय आमच्या रूपालीच्या बायोडाटाचा. पोरगी अठ्ठावीसची झाली. माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, स्वतःच्या पैशाने स्कूटी घेतली, आणि आजवर बारा स्थळांना तिने नाक मुरडलं. चार स्थळांनी तिला मुरडलं, तेही एकाच ओळीवरून: ‘लग्नानंतर नोकरी चालू ठेवणार.’ ती ओळ तिची स्वतःची. मग तुम्ही पिंपळगावच्या सावळीरामअण्णांच्या रविराजचं सुचवलंत आणि रूपाली त्याचा फोटो बघून चक्क ‘बघू’ म्हणाली. आमच्या घरात तिच्या ‘बघू’ची किंमत काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. तिच्या आईने त्याच दिवशी देवीला नारळ बोलून टाकला.

आता सावळीरामअण्णा पडले सोसायटीचे माजी सेक्रेटरी. त्यांना कागद ईमेलवर लागतो. व्हॉट्सॲपवर आलेलं त्यांना खरं वाटत नाही. मी आधी जुन्या बायोडाटाचा मोबाईलवर फोटो काढला आणि माझ्या ओझरच्या बहिणीला, कुसाबाईला, दाखवायला पाठवला. तिचा फोन आला की अर्ध्या पानावर तुझा अंगठा आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर तुझ्या डोक्याची सावली, पोरगी कुठंय? म्हणून गेलो नाशकातल्या द्वारका चौकात, जीवनच्या टायपिंगच्या दुकानात. जीवनने झकास टाइप केलं, फोटो चिकटवला आणि म्हणाला, काका, पीडीएफ करून देतो, जसं आहे तसंच सगळीकडे दिसेल, कुणाला हात लावता येणार नाही. मी म्हटलं, अरे बाबा, आपल्याकडे स्थळ कधी सरळ जातं का? ते सोयऱ्यांच्या हातून जातं. आधी आत्या बघणार, मग मावसा बघणार, मग पुढे. ज्यांच्या हातून जायचं त्यांनाच हात लावता आला नाही तर ते रुसणार नाहीत? वर्डमध्येच राहू दे, कुणाला एखादा पत्ता, फोन नंबर घालावासा वाटला तर घालू दे. जीवनने माझ्याकडे दोनदा बघितलं आणि पन्नास रुपये घेतले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

फाईल मी कुसाबाईला पाठवली, कुसाबाईने तुम्हाला, तुम्ही अण्णांना. मध्ये काय काय घडलं ते आम्हाला कळलं थेट रविवारी, बघण्याच्या कार्यक्रमात. कुसाबाईने म्हणे पोरीची उंची नुसती ‘जराशी’ वाढवली. पाच फूट एकची पाच फूट पाच! साडूभाऊ, चार इंच म्हणजे जरासं नव्हे, चार इंच म्हणजे पाट ठेवून उभं राहणं आहे. शिवाय ‘आवड: ट्रेकिंग’ खोडून तिथे ‘भजन’. आणि मग फाईल तुमच्याकडे मनमाडला आली. तिथे आमची अडीच एकर बाग सात एकर झाली. आमच्या बापजाद्यांना तीन पिढ्या राबून जे जमलं नाही ते तुम्ही बसल्या बसल्या केलंत. पण त्याहून नवल म्हणजे, तुम्ही जन्मभर मालगाडीचे गार्ड होतात, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि रेल्वेने जे दिलं नाही ते तुम्ही रूपालीच्या बायोडाटात घेतलंत. स्टेशन मास्तर! अहो, मुलगी बघायची होती, तुम्हाला नव्हे. इतका मजकूर वाढल्यावर फोटो जागेवर राहील का? तो घसरत घसरत ‘मावसा’ या मथळ्याखाली जाऊन बसला. अण्णांच्या घरी तीन दिवस म्हणे चर्चा चालली होती की स्टेशन मास्तर फारच तरुण दिसतात.

अण्णा छापील कागद घेऊन आले होते, हातात पेन्सिल. एकेक ओळ वाचायची आणि बरोबरची खूण करायची. सात एकरात काय काय आहे, त्यांनी विचारलं. रूपालीची आई भाबडेपणाने म्हणाली, अडीच एकरात गुलाब आणि शेवंती. अण्णा उरलेल्या साडेचार एकरांची वाट बघत बसले. मी पोहे पुढे सरकवले. मग रूपाली पाणी घेऊन आली, आणि अण्णांची पेन्सिल उंचीच्या ओळीवर थांबली. हे सगळं मी सहन केलं असतं, पण त्यांनी पुढची ओळ मोठ्याने वाचली, ‘लग्नानंतर नोकरी करण्याचा आग्रह नाही,’ आणि म्हणाले की हे आम्हाला फार पटलं.

रूपालीने तांब्या खाली ठेवला, त्यांच्या हातून कागद घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचला. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, “अण्णा, ही मुलगी चांगली आहे. तुम्ही हिचं जमवून टाका. पण ती आमच्या घरात राहत नाही.”

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझा तर नव्हताच. रविराज मान खाली घालून बसला होता. जाताना दारात त्याने तिला एवढंच विचारलं की तुमची प्रयोगशाळा नेमकी कुठे आहे. मंडळी ‘कळवतो’ म्हणून गेली. तेव्हापासून रूपाली आमच्याशी कामापुरतं बोलते. तिला उंचीचं काही वाटलं नाही, एकरांचं तर हसूच आलं, पण ती नोकरीची ओळ तिला लागलीय. रविवारी रात्री जेवली नाही.

तेव्हा साडूभाऊ, हात जोडून सांगतो, पिंपळगावला जाऊन अण्णांना खरं काय ते सांगा, स्टेशन मास्तरपदाचा राजीनामा द्या, आणि पुन्हा कुणाच्या पोरीच्या कागदाला हात लावू नका. अक्कांना नमस्कार.

तुमचा,
गोटीराम

ता. क. एक गोष्ट राहिली. काल मी अण्णांकडे गेलेली फाईल परत मागवून पुन्हा जीवनकडे गेलो होतो, कुणी काय केलं ते बघायला. वर्डमध्ये म्हणे कुणी काय खोडलं ते नावासकट, रंगासकट राहतं. कुसाबाईचं हिरवं, तुमचं निळं. नोकरीची ओळ लाल रंगात होती. तो लाल रंग माझा निघाला. फाईल पाठवण्याआधी, इथे ओट्यावर बसून, मोबाईलवर मीच खोडली आणि तिथे ‘आग्रह नाही’ लिहिलं. चार स्थळं त्या ओळीवर गेली होती हो. पाचवं जाऊ नये असं वाटलं. ‘बघू’ म्हणाली होती ना ती.

ता. क. २. म्हणून खरी विनंती अशी की रूपालीने विचारलं तर ती ओळ तुम्हीच खोडली असं सांगा. साडेचार एकर आणि एक स्टेशन तुमच्या नावावर आधीच आहे, त्यात एक ओळ जड होणार नाही. माझ्यावर रुसली तर मला जमणार नाही. हे पत्र तिच्याच लॅपटॉपवर लिहिलंय, पाठवणारही तीच आहे, पण दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

ता. क. ३. मावसा, मी रूपाली. सवय नव्हती, आज लावून घेतली. बाबांनी पत्र वर्डमध्ये ठेवलंय म्हणून खाली लिहिता येतंय. लाल रंग मला सोमवारीच कळला. रविराजने ती फाईल मला पाठवली आणि एकच विचारलं, खोडलेली ओळ खरी का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग मला खोडलेली मुलगी बघायची आहे. येत्या रविवारी पुन्हा येतोय, अण्णांना घेऊन. तुम्ही दोष अंगावर घेऊ नका. बाबा स्वतः सांगतात का याची मी वाट बघतेय, रविवारपर्यंत मुदत आहे. रुसले नाहीये, पण हे त्यांना सांगू नका. आणि हे पत्र आता पीडीएफ करून पाठवते, म्हणजे बाबांना यातलंही काही खोडता येणार नाही.