पंचवीस तारखेचं पत्र

२५ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे हे आठवड्याचं पत्र. पोटात नळी बसवून तीन महिने झाले, रक्ताची उलटी पुन्हा नाही.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं, आतड्यांकडून मोठ्या शिरेनं आणि हृदयाकडून धमनीनं. शिरेतलं कमी झालं की धमनी आपणहून रुंदावते. पाणीखात्यात तीस वर्षं व्हॉल्व्हची चाकं फिरवून मी जे केलं, ते हा अवयव बिनपगारी करतो. माझं यकृत मात्र दगड झालं, शिरेत रक्त तुंबलं, म्हणून नळीनं ते परस्पर पुढे सोडलंय.

डोकं ठिकाणावर आहे. लोभाचा दाब तेवढा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

२३ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. उ. आ.

टपालाच्या खिडकीत बसून पत्र उशिरा आल्याच्या तक्रारी जन्मभर ऐकल्या. तारखेच्या दोन दिवस आधी आलेलं पत्र आज पहिल्यांदा पाहिलं. आधी हसले, मग तुझी मागची पत्रं काढून पुन्हा वाचली.

बऱ्या दिवशी चार पत्रं एकदम लिहून ठेवलीस आणि टाकताना घोळ केलास ना? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टीही सुटली, पण तुझ्या एकाही पत्रात चौकशी नाही.

न गाळलेलं रक्त नळीतून थेट जातं, त्यातलं विष डोक्यात चढतं, माणूस चुकत जातो. ते वेळीच कळावं म्हणून डॉक्टरांनी तुला लिहायला आणि मला वाचायला लावलंय. तू माझ्याच डोळ्यांत धूळ फेकलीस, तीही ऑपरेशनच्या डोळ्यात. थकले रे मी. खरं काय ते लिही.

आशीर्वाद आहेतच, राग गेलेला नाही.

ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

चोरी पकडलीस. पट्टी सुटली हे वाचून बरं वाटलं.

पत्रं बिघडली तर नळी आवळावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे दाब वाढणार, उलटीचं भय परत. मागच्या वेळी उलटीचं भांडं तूच धरलं होतंस. पुन्हा ते नको म्हणून लबाडी केली.

पण काल स्वयंपाकघरात उभा होतो आणि कशाला आलो ते आठवेना. मग घर कुणाचं तेही कळेना. ते भय भांड्यापेक्षा मोठं निघालं. नळी आवळून घेतो. हे पत्र एका बैठकीत लिहिलंय, खाडाखोड तशीच ठेवलीय. डॉक्टरांना हेच दाखव. गुरुवारी ये. आजवर सांभाळलंस तसंच सांभाळून घे.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या डोळ्याची पट्टी सुटली का? काहीच कळवलं नाहीस.